डावीकडचा खांब

८ जानेवारी
भरला एकदाचा अर्ज. सही करताना मोठ्या साहेबांनी मानसुद्धा वर केली नाही, पण बोलायचं ते बोललेच. “बाई, अपघात तपास कक्षात जागा एकच आहे आणि ती प्रमाणपत्रवाल्याची आहे. एप्रिलमध्ये पास झालात तर तुमची. नाही तर दंडाच्या पावत्या फाडायला खिडकी मोकळीच आहे.” मी “हो साहेब” म्हणाले आणि जिन्यात येऊन त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या खिडकीत मी सहा वर्षं काढलीत. परत तिथे बसायचं म्हणजे जिवावर येतं. मला रस्त्यावरचं काम हवंय. टक्कर होऊन गेलेली असते, सगळे आपापलं खरं करत असतात, आणि आपण टायरचे काळे पट्टे, रस्त्याची खाच, फुटलेली काच बघत बघत मागे जायचं आणि नेमकं काय घडलं ते मांडायचं. मला त्याचं वेड आहे.

गेल्या वर्षी नापास झाले ती चढ-उताराच्या गणितात. रस्ता चढाचा असेल तर तो ब्रेकच्या जोरात मिळवायचा, उताराचा असेल तर वजा करायचा. मी बरोबर उलटं केलं. परीक्षेच्या आधी बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, दवाखान्यात मीच होते. नवरोबा म्हणतो त्यामुळे अभ्यास झाला नाही. काही संबंध नाही. चढ कळला नाही तो नाहीच कळला.

बाबा म्हणजे माझे सासरे. आमच्याच वाहतूक शाखेतून निवृत्त. त्यांच्या वेळी ही परीक्षाच नव्हती. खडू, टेप आणि डोकं एवढ्यावर त्यांनी सगळी नोकरी केली आणि कोर्टात त्यांचा शब्द कुणी खाली पडू दिला नाही. आज अर्जाचं सांगितलं तर म्हणाले, “या वेळी मी शिकवतो. तू फक्त अभ्यास करायचा. घरात काहीही होवो, तू उठायचं नाही.”

“घरात काय होणारे बाबा?”

“काही नाही. पण उठायचं नाही.”

१४ जानेवारी
पहिला तास. माझ्या लेकीच्या, चिमणीच्या, खेळण्यातल्या गाड्या पळवून आणल्या, त्यावरून तिने घर डोक्यावर घेतलं. शेवटी तिला तपासणी अधिकारी केलं तेव्हा कुठे गप्प बसली.

बाबांचा पहिला नियम: अहवालात ‘अचानक’ हा शब्द आला की खोडायचा. “प्रत्येक चालक हेच सांगतो, अचानक समोर आला. अगं, आकाशातून पडला का? येतच होता तो. याला उशिरा दिसला, एवढंच. किती उशिरा आणि का, ते शोधायचं. हेच आपलं काम.”

मी चहा आणून त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. त्यांनी वही ओढली आणि कप सगळा टेबलावर. मला वाटलं आता चिडचिड होणार. कसलं काय! “फडकं आणू नकोस. आधी सांग, कप कुठून कुठे गेला, धक्का कुठून बसला?” आणि आम्ही चहाच्या ओघळावरून अर्धा तास गणित केलं. या माणसाला कशातही धडा दिसतो. मी तर हात टेकले.

२ फेब्रुवारी
रविवार. बाबांनी रस्त्यावर नेलं. गोदामांच्या मागचा रुंद रस्ता, सुट्टीचा रिकामा.

निघताना नेहमीचंच: “तू डावीकडून चाल.” हे हल्ली नवीन काढलंय त्यांनी. जुन्या लोकांच्या काही रीती असतात, मला आवडतात. आमचा नवरोबा दहा पावलं पुढे चालतो आणि वळून विचारतो, एवढा वेळ का?

तिथे एक लांब काळा पट्टा होता. मी लगेच टेप काढली. “ब्रेक दाबलाय. लांबी मोजू, वेग काढू.”

“मोज, मोज,” म्हणाले. मी सगळं मोजून, गणित मांडून, घाम पुसून वर बघितलं तर हे गालातल्या गालात हसतायत. “आता खाली बस आणि पट्ट्याच्या आत बघ.”

आत बारीक रेघा होत्या, तिरक्या. पट्टाही सरळ नव्हता, हलकासा वाकडा. गाडीने ब्रेक दाबलाच नव्हता. वळणावर वेग जास्त झाला आणि टायर फिरता फिरता आडवा घासला. तिथे पट्ट्याची लांबी कामाची नाही, वळणाची गोलाई मोजायची. माझं अख्खं गणित पाण्यात.

“मला आधी सांगायचं ना!”

“सांगितलं असतं तर परीक्षेपर्यंत विसरली असतीस. आता नाही विसरणार.”

खरंय. कमरेचा काटा ढिला झालाय, आता कशी विसरेन? येताना चौकात थांबलो. बाबा रस्ता ओलांडताना कसे बघतात ते बघावं. नुसती मान नाही, अख्खे वळतात, डावीकडे तर जवळजवळ पाठमोरे होतात, मग पाऊल टाकतात. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, शिका जरा वडिलांकडून. तो म्हणाला, “बाबा हल्ली फार हळू झालेत गं. परवा दाराच्या चौकटीवर खांदा आपटला.” मी म्हटलं, चौकट अरुंद आहे. आहेच ती.

१५ फेब्रुवारी
आज मी खरंच तोंडात बोट घातलं.

सराव परीक्षेतला प्रश्न: मोटारवाला सरळ चाललाय, डावीकडून सायकल येते, धडक. मोटारवाला म्हणतो, समोर बघत होतो, लक्ष होतं, सायकल दिसलीच नाही. मी लिहिलं, खोटं बोलतोय. दिवसाउजेडी, मोकळा रस्ता, दिसणार नाही कशी?

बाबा म्हणाले, “खोटं नसेल बोलत. असं समज, समोरचं सगळं स्वच्छ दिसतंय. पाटी वाचता येतेय. म्हणून त्याला वाटतं की आपल्याला सगळंच दिसतंय. कडेला काळोख वगैरे नसतो गं. तिथे काहीच नसतं. आपल्या पाठीमागे काळोख दिसतो का आपल्याला? तसं. आणि मग त्या नसलेल्या जागेतून एकदम सायकल निघते. त्याच्या दृष्टीने ती खरोखर आकाशातून पडते.”

“पण ‘अचानक’ खोडायचं ना?”

“खोडायचंच. पण त्याला खोटारडा म्हणायचं नाही.”

बाई गं! चालकाच्या कातडीत शिरून बघतो हा माणूस. अशी कल्पनाशक्ती पुस्तक वाचून येत नाही. मी त्यांना तसं म्हटलंही. ते चष्मा पुसत बसले.

२७ फेब्रुवारी
परत चढ-उतार चुकले. तीनातली दोन. पुस्तक फेकलं आणि मोरीत जाऊन रडले. खिडकी दिसायला लागली डोळ्यांसमोर, ती पावत्यांची. या वयात माझ्या डोक्यात काही शिरत नाही आणि मी उगीच सगळ्यांचा जीव खातेय. नवऱ्याने खिचडी केली, चिमणीने तिची निळी गाडी कायमची माझ्या नावावर करून दिली. दोघंही गुणाचे आहेत. तरी नाहीच शिरत.

२८ फेब्रुवारी
शिरलं!

बाबांनी सकाळी विचारलं, रडून झालं का? मग खाली नेलं, गाड्या लावायच्या जागी. त्यांची स्कूटर तिथे आच्छादन घालून उभी असते. गेल्या दिवाळीपासून काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यांनी ती चालवणंच सोडलंय. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला. विचारलं तर म्हणतात, पायी चाललं की तब्येत राहते.

“ढकल वर,” म्हणाले. तळघराचा तो उभा रस्ता! ढकलली. “आता मधेच सोड.” सोडली तर ती लगेच मागे यायला लागली. “थांबायला कोण मदत करतंय?”

“चढ.”

“आता खाली ने.” खाली नेताना ब्रेक दाबून दाबून बोटं दुखली. “आता?”

“उतार ओढतोय. ब्रेकला एकट्याला भांडावं लागतंय.”

“मग कुठे मिळवशील, कुठे वजा करशील?”

मी तिथेच उडी मारली. वॉचमन बघत होता, बघू दे. चढ ब्रेकच्या बाजूने, मिळवा. उतार ब्रेकच्या विरुद्ध, वजा. गेल्या वर्षी कुणी माझ्या हातात स्कूटर दिली असती तर!

आच्छादन परत घालताना स्कूटरच्या डाव्या अंगावर लांब ओरखडा दिसला. आणि आमच्या फाटकाच्या डाव्या खांबावर त्याच उंचीला तोच निळा रंग आहे, हे मला पक्कं आठवलं. आता घरबसल्या केस मिळाली.

८ मार्च
घरच्या केसचा अहवाल पूर्ण. बाबा आधी “सोड ते” म्हणत होते, पण मी कसली सोडते.

दोन्ही ओरखड्यांची उंची जुळली. रंग जुळला. वेग अगदी कमी, पोचा उथळ आहे. ओरखडा सरळ, म्हणजे शेवटच्या क्षणी हँडल वळवलेलं नाही. जमिनीवर ब्रेकची खूण नाही. मी ऐटीत वाचून दाखवलं: “निष्कर्ष: चालकाने ब्रेक दाबला नाही, हँडल वळवलं नाही. चालक बेसावध होता.”

बाबा म्हणाले, “शेवटचं वाक्य खोड.”

“का? तुम्हीच होतात म्हणून?”

“बेसावध हे तुला कुठल्या ओरखड्याने सांगितलं? रस्ता सांगतो ब्रेक लागला नाही. का लागला नाही, ते रस्ता सांगत नाही. आपल्या लोकांची हीच खोड आहे. खूण संपली की माणसाच्या मनात घुसायचं. तिथे आपली टेप पोचत नाही.”

“मग का लागला नाही ते तुम्ही सांगा ना. चालक समोर आहे, जबाब घेते.”

“चालक जबाब देणार नाही,” म्हणाले आणि हसले. “परीक्षेनंतर विचार.”

लटकेपणाने चिडले मी, पण वाक्य खोडलं. मनातून मात्र वाटलंच, चूक कबूल करायला हे एवढे मोठे अधिकारीसुद्धा तयार नसतात!

१९ मार्च
चिमणी आणि आजोबांनी नवा खेळ काढलाय, ‘अदृश्य’. ती चवड्यांवर येऊन आजोबांच्या डाव्या कानाशी उभी राहते, हातात बिस्कीट धरून. आजोबा समोर बघत म्हणत राहतात, “चिमणी कुठे गेली?” मग ती सरकत सरकत पुढे येते आणि ते केवढ्याने दचकतात! काय अभिनय करतात, खरोखर दचकल्यासारखे. ती खिदळून लोळते. “आई, उजवीकडून नाही होत हं! डावीकडूनच अदृश्य होता येतं!”

म्हटलं खेळा, मला गोलाईची गणितं करू द्या.

३० मार्च
फ्रिजच्या दारात लोणी शोधताना डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली मिळाली. बाबांची. म्हणाले, डोळे कोरडे पडतात. मी अभ्यासाला घेऊन बसते त्यांना, दुसरं काय. आता वाचनाचं मी बघते म्हटलं.

संध्याकाळी फोनवर कुणाला तरी सांगत होते, “एप्रिलनंतर. मी म्हटलं ना तुम्हाला, एप्रिलनंतर लगेच.” मी चिडवलं, “कोण हो मैत्रीण?” तर म्हणाले, “आहे एक. फार मागे लागलीय.” सासूबाई जाऊन इतकी वर्षं झाली, म्हातारा अजून फॉर्मात आहे.

११ एप्रिल
उद्या परीक्षा. बाबांनी पुस्तक काढून घेतलं. म्हणाले, “आता काही वाचू नकोस. तुला येतंय. मला कधीच एवढं येत नव्हतं.” हे खोटं आहे हे दोघांनाही माहीत होतं, पण मला रडू आलं. देवाने असे सासरे दिले. ज्या घरात जाईन तिथे गणित शिकवणारं कुणी असेल, असं मला कुठे माहीत होतं?

१२ एप्रिल
आज सगळं लिहिणार आहे.

पेपर चांगला चालला होता. चढ आला, मिळवलं. वाकडा पट्टा आला, आत रेघा आहेत असं दिलेलं होतं, मी लांबीला हातसुद्धा लावला नाही. मनात म्हणत होते, बाबा, बघा.

मग शेवटून दुसरा प्रश्न. धडकेच्या आधी ब्रेकची खूण नाही, दिशाही बदललेली नाही. यावरून काय म्हणता येईल, काय म्हणता येणार नाही आणि पुढे काय तपासाल?

मी हसलेच. लिहिलं, चालकाने ब्रेक दाबल्याची खूण नाही एवढंच म्हणता येईल. बेसावध होता असं म्हणता येणार नाही. पुढे तपासावं: गाडीचे ब्रेक. उजेड. मधे आडोसा होता का. चालकाची नजर, विशेषतः ज्या बाजूने धडक बसली त्या बाजूची.

त्या बाजूची.

पेन तिथेच थांबलं. डावा खांब. डावा कप. “तू डावीकडून चाल.” चौकट. चिमणीचं बिस्कीट. थेंब. आणि तो मोटारवाला, कडेला काळोख नसतो गं, तिथे काहीच नसतं. कल्पनाशक्ती म्हणे! बाबा मला स्वतःचे डोळे सांगत होते आणि मी बाई वा वा करत बसले होते.

मला उठायचं होतं. खुर्ची मागे सरकवलीसुद्धा. पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, “काही हवंय का?” तेव्हा आठवलं. घरात काहीही होवो, उठायचं नाही. त्यांना जानेवारीतच ठाऊक होतं. मी खुर्ची पुढे ओढली आणि शेवटचा प्रश्न सोडवला. कसा ते विचारू नये. शाईवर पाणी पडलंय दोन ठिकाणी.

१३ एप्रिल
काल घरी येऊन मी चप्पलसुद्धा काढली नाही. बाबांच्या डाव्या बाजूला जाऊन गप्प उभी राहिले. ते समोर बघत चिमणीला विचारत होते, “तुझी आई आली नाही अजून?”

चिमणी म्हणाली, “आजोबा, आई अदृश्य झालीय.”

बाबा सावकाश पूर्ण वळले. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना कळलं. “पेपर पुरा केलास ना?” हा पहिला प्रश्न!

“केला. कधीपासून आहे हे?”

“शंका होती. खांबाने खात्री केली. त्याच दिवशी किल्ली अडकवली खिळ्याला.” मग म्हणाले, “खांब होता म्हणून बरं. तिथे चिमणी असती तर?”

काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याचं कडेचं बरंच गेलंय, उजव्याचं सुरू झालंय. स्वतःच चालत दवाखान्यात जात होते, थेंब घालत होते. मागे लागलेली मैत्रीण म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई. त्या फेब्रुवारीत ऑपरेशन करू म्हणत होत्या, यांनी पुढे ढकललं.

मी जन्मात कुणावर ओरडले नसेन एवढी त्यांच्यावर ओरडले. “कळतंय का तुम्हाला? गेलेलं परत येत नाही! माझ्या एका कागदासाठी?”

“गेल्या वर्षी तू माझ्या खाटेशी बसून राहिलीस आणि तुझं वर्ष गेलं,” म्हणाले. “मला ते दुसऱ्यांदा नको होतं. थेंब चालू होते, बाईंनी एप्रिलपर्यंत मुभा दिली होती. नाराजीने, पण दिली होती.”

नवरोबा दारात उभा राहून सगळं ऐकत होता. तो जाऊन बाबांच्या पायाशी जमिनीवर बसला. मी अजून चिडलेली आहे. चिडलेलीच राहणार आहे बरेच दिवस. आणि तरी या माणसाचे पाय धरावेसे वाटतात, त्याला काय करू?

२४ एप्रिल
ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आहे ते राखू. ढकललं नसतं तर थोडं जास्त वाचलं असतं, हेही म्हणाल्या. सरळ बोलणारी बाई आहे, बाबांना आवडते यात नवल नाही. मी पंधरा दिवसांची रजा टाकली. बाबा म्हणाले, एवढी कशाला. मी म्हटलं, “आता परीक्षा झालीय. आता तुम्ही उठायचं नाही.”

६ जून
पास! मोठ्या साहेबांनी या वेळी मान वर करून बघितलं. “बाई, ब्रेकच्या खुणांच्या प्रश्नाला सगळ्यांत जास्त गुण तुम्हाला आहेत. कुठल्या पुस्तकातलं उत्तर?” मी म्हटलं, आमच्या फाटकाच्या खांबावरचं. त्यांना काही कळलं नाही. जागा माझी झाली.

संध्याकाळी आम्ही दोघं फिरायला निघालो. बाबांनी तोंड उघडायच्या आत मी डावीकडे गेले.

७ जून
कक्षात आज काही काम नव्हतं, म्हणून प्रमाणपत्राचा क्रमांक घालून पहिला अहवाल घरच्याच केसचा लिहिला. घरी येऊन बाबांना वाचून दाखवला.

“चालकाने ब्रेक दाबला नाही, कारण डावीकडचा खांब चालकाला दिसला नव्हता. चालकाची नजर तपासली, त्यावरून हे सिद्ध होतं. धडकेनंतर चालकाने कुणी न सांगता गाडी कायमची थांबवली. एवढा सावध चालक मी दुसरा पाहिलेला नाही.”

बाबा म्हणाले, “बाकी ठीक आहे. शेवटचं वाक्य खोड. ते रस्ता सांगत नाही.”

“रस्ता नसेल सांगत,” म्हटलं. “मी सांगते.”

आणि नाही खोडलं.